पाचपैकी पाच

गुडघ्याच्या बाहेरच्या अंगाला, मांडीचं हाड जिथे संपतं तिथे, एक उंचवटा बोटाला लागतो. तो अंगठ्यानं चाचपून शोधायचा आणि मशीनच्या दांड्याचा आस बरोबर त्याच्या समोर आणायचा. माझ्या कामातली ही सुरुवातीची पाच मिनिटं मी कधीच घाईनं उरकत नाही. आस बोटभर जरी सरकला तरी पाय एका वर्तुळात फिरतो आणि दांडा दुसऱ्या. मग पुढे येणाऱ्या एकाही आकड्यावर भरवसा ठेवता येत नाही.

खुर्चीत बसलेली मुलगी १९ वर्षांची आहे. रायगड जिल्ह्यातल्या एका गावातून पहाटेची एसटी पकडून ती आईबरोबर पुण्याला आली आहे. कबड्डीत ती चढाई करते. बोनस रेषेवरून मागे वळताना तिचा उजवा पाय मॅटला धरला गेला आणि अंग मात्र फिरलं. आत 'कट्' असा आवाज झाला, तो तिचा तिलाच ऐकू आला. सांध्याच्या आत तिरका जाणारा एसीएल नावाचा बंध तुटला होता. मैदानावरची माणसं हे दोनच शब्दांत सांगतात : गुडघा गेला. शस्त्रक्रिया होऊन आता नऊ महिने झाले आहेत. पुढच्या महिन्यात जिल्ह्याची निवड चाचणी आहे. तिला माझ्याकडून एकाच प्रश्नाचं उत्तर हवं आहे, 'मॅडम, खेळू का?'

मी तिच्या छातीवरून दोन पट्टे तिरके घेते, एक कमरेवरून, एक मांडीवरून. नडगीच्या खालच्या टोकाला, घोट्याच्या जरा वर, दांड्याची गादी बांधते. इतकं जखडायचं कारण साधं आहे. गुडघा कमी पडला की शरीर गप्प बसत नाही. कंबर उचलली जाते, पाठ मागे रेटली जाते, हात खुर्चीला गच्च धरतात. ताकद नेमकी कुठून आली हे मशीनला कळत नाही. ते मलाच बघावं लागतं.

'आता पाय एकदम सैल सोड.' मशीन आधी तिच्या पायाचंच वजन घेतं. पाय सरळ करताना हे वजन तिच्या विरोधात असतं आणि वाकवताना तिच्या मदतीला. ते हिशेबात धरलं नाही, तर मांडीचा पुढचा स्नायू आहे त्याहून दुबळा दिसतो आणि मागचा आहे त्याहून जोरकस.

कोपऱ्यातल्या बाकावर तिची आई पिशवी मांडीवर घेऊन बसली आहे. मुलीला पट्ट्यांनी बांधताना बघून तिचा चेहरा ओढला गेला आहे. मी सांगते, 'ताई, दुखणार नाही. जोर तीच लावणार, मशीन नुसतं मोजणार.'

मशीनपर्यंत मी कशी पोचले, हे इथे सांगायला हवं. फिजिओथेरपीच्या पहिल्या वर्षांत आम्ही स्नायूची ताकद हातानं मोजायला शिकतो. रुग्ण पाय सरळ करतो, आपण तो तळहातानं दाबतो आणि शून्य ते पाच यांतला एक आकडा लिहितो. स्नायूत हालचालच नाही, तर शून्य. नुसतं स्फुरण जाणवलं, तर एक. पायाच्या वजनाविरुद्ध पाय उचलता आला, तर तीन. आपण पूर्ण जोर लावूनही तो हलला नाही, तर पाच. या पद्धतीची मुळं विसाव्या शतकाच्या दुसऱ्या दशकात अमेरिकेत बॉस्टनच्या रॉबर्ट लोव्हेट यांनी पोलिओच्या रुग्णांसाठी केलेल्या कामात आहेत. पोलिओनं लुळ्या पडलेल्या पायात किती जीव उरला आहे, हे शोधण्यासाठी ती घडली आणि त्या कामाला ती आजही उत्तम आहे.

अडचण वरच्या टोकाला येते. बँकेत दिवसभर बसणाऱ्या निरोगी माणसाला पाचपैकी पाच मिळतात. तालमीत रोज पाचशे बैठका मारणाऱ्या पैलवानालाही पाचच. माझा तळहात या दोघांच्याही मांडीपुढे हरतो आणि हरलेल्या हाताला त्या दोघांतला फरक कळत नाही.

हे मला पुस्तकातून कळलं नाही. नोकरीच्या सुरुवातीच्या काळात एका संघाचा कोपऱ्यात खेळणारा मुलगा माझ्याकडे आला होता. त्याचंही एसीएलच गेलेलं होतं. शस्त्रक्रियेला सहा महिने झाले होते, सूज नव्हती, दुखणं नव्हतं, चाल सरळ होती. संघाला तो लवकर हवा होता, त्याला स्वतःला तर कालच मैदानात उतरायचं होतं. मी हातानं दाबून पाहिलं आणि लिहिलं : ताकद ५/५, खेळण्यास हरकत नाही. तिसऱ्याच सामन्यात चढाईपटूचा घोटा पकडून तो वळला आणि तोच गुडघा पुन्हा गेला. संघानं मैदानात उतरवण्याची घाई केली हे खरं आहे. पण त्या कागदावर सही माझी होती. त्या मुलानं पुढे कबड्डी सोडली. तेव्हापासून 'पाचपैकी पाच' हे शब्द कुणी अभिमानानं उच्चारले की माझ्या पोटात कालवतं.

'तयार? पूर्ण जोरानं सरळ, पूर्ण जोरानं मागे. मध्ये थांबायचं नाही. चल!'

दांडा हलतो. जिममध्ये वजन ठरलेलं असतं आणि वेग आपल्या हातात असतो. इथे नेमकं उलटं आहे. वेग बांधलेला आहे, सेकंदाला ६० अंश. तिनं कितीही जोर लावला तरी दांडा त्याहून वेगात फिरत नाही. ती जितकं ढकलेल तितकाच विरोध मशीन परत करतं आणि तो विरोध क्षणाक्षणाला नोंदत जातं. याला आयसोकायनेटिक म्हणतात. हेलन हिस्लॉप आणि जेम्स पेरिन यांनी १९६७ साली ही कल्पना फिजिओथेरपीच्या जगापुढे मांडली. तिचा मोठा फायदा असा, की स्नायू प्रत्येक कोनात सारखा ताकदवान नसतो आणि मशीन तो प्रत्येक कोन वेगळा दाखवतं. पाय साधारण ६० ते ७० अंश वाकलेला असताना मांडीचा पुढचा स्नायू सर्वात जास्त जोर देतो. पाय पूर्ण सरळ व्हायला आला की तो जोर ओसरतो.

'मार! अजून! ओढ, ओढ, ओढ!' मी ओरडते. हे ओरडणंही पद्धतीचाच भाग आहे. जो माणूस शांतपणे मोजला जातो, तो शांतपणेच ढकलतो. म्हणून सगळ्यांसाठी तेच शब्द आणि तोच आवाज, मग समोर राष्ट्रीय खेळाडू असो की वसतिगृहातली विद्यार्थिनी.

पडद्यावर डोंगर उठतात. एक उंच, त्याच्या मागे एक बुटका, मग पुन्हा उंच. उंच डोंगर पाय सरळ करणाऱ्या क्वाड्रिसेप्सचा. बुटका पाय मागे ओढणाऱ्या हॅमस्ट्रिंगचा. डोंगराच्या शिखराचा आकडा न्यूटन-मीटरमध्ये येतो. गंजलेला नट सोडवताना आपण लांब पाना घेतो, कारण लांब पान्यानं तोच हात जास्त काम करतो. गुडघ्यातही स्नायूचा ओढा आणि पान्याची लांबी यांचा गुणाकार होतो. गुडघ्याची वाटी ती लांबी वाढवण्याचंच काम करते. स्नायूला ती सांध्यापासून जरा दूर उचलून धरते.

आधी डाव्या, म्हणजे चांगल्या पायाचं माप झालं : क्वाड्रिसेप्स १४०, हॅमस्ट्रिंग ८४. मागचा स्नायू पुढच्याच्या ६० टक्के. या वेगाला एवढं प्रमाण ठीक मानलं जातं. आता उजवा : क्वाड्रिसेप्स ११८, हॅमस्ट्रिंग ६२. प्रमाण ५३ टक्क्यांच्या आसपास. नवा बंध बनवायला तिच्या हॅमस्ट्रिंगचीच कंडरा काढून घेतली होती. जिथून उसनं घेतलं, तिथे तूट दिसणारच. पण ही तूट साधी नाही. क्वाड्रिसेप्स जोरात आखडतो तेव्हा नडगीचं हाड पुढे खेचलं जातं. एसीएल ते थोपवून धरतं आणि हॅमस्ट्रिंग मागून ओढून त्याला हात देतो. मदतीचा हात दुबळा असेल, तर सगळा भार नव्या बंधावर येतो. चढाईत ती नेमकं तेच करते. पुढे झेप, क्षणात ब्रेक, मागे वळण.

मी शिखराचा आकडा लिहून घेते, पण बघते डोंगराचा उतार. तिच्या उजव्या पायाच्या डोंगरावर, पाय जवळजवळ सरळ होत आला असताना, एक छोटा खड्डा पडतो. पाचही वेळा, त्याच जागी. मी विचारते, 'इथे दुखतं का?' ती मान हलवते. 'दुखत नाही मॅडम. भीती वाटते.' याच कोनात तिचा गुडघा मॅटवर गेला होता. शस्त्रक्रियेनंतर सुजलेला सांधा क्वाड्रिसेप्सला जणू बंद राहायचा निरोप धाडतो आणि मांडी काही आठवड्यांत वाळते. सूज गेल्यावरही ती सवय मागे राहते. टेप लावला तर तिची उजवी मांडी डावीहून दीड सेंटिमीटर बारीक भरते.

आता हिशेब. ११८ भागिले १४०, म्हणजे ८४ टक्के. मैदानात परतण्यासाठी दुखावलेला पाय चांगल्या पायाच्या किमान ९० टक्के असावा, असा आमच्याकडे सर्रास वापरला जाणारा दंडक आहे. ८४ म्हणजे थोडंच कमी. महिनाभरात भरून निघेल असं वाटतं. पण इथे एक फसवणूक दडलेली असते. नऊ महिने मैदान सुटल्यावर चांगला पायही खंगतो. सुदैवानं या मुलीचं माप शस्त्रक्रियेच्या आधी घेतलं होतं. तेव्हा तिचा डावा पाय १५२ देत होता. खरी तुलना त्याच्याशी केली तर उजवा ७८ टक्क्यांवर येतो. दोन्ही पाय मिळून खाली उतरले, तर त्यांच्यातली बरोबरी कागदावर सुरेख दिसते. म्हणून जखम झाल्याबरोबर, शस्त्रक्रियेची तारीख ठरायच्या आधीच, चांगल्या पायाचं माप घेऊन ठेवा, असं मी प्रत्येक प्रशिक्षकाला कळकळीनं सांगते.

घाईची किंमत काय, हेही आता मोजलं गेलं आहे. अमेरिकेतलं डेलावेअर आणि नॉर्वेतलं ऑस्लो इथल्या एसीएल शस्त्रक्रिया झालेल्या रुग्णांचा एक अभ्यास २०१६ साली प्रसिद्ध झाला. शस्त्रक्रियेनंतर नऊ महिन्यांपर्यंत पुनरागमन एकेक महिना पुढे ढकललं, तसा पुन्हा गुडघा दुखावण्याचा दर प्रत्येक महिन्यामागे जवळपास निम्म्यानं उतरत गेला. आणि ज्यांच्या दोन्ही पायांच्या क्वाड्रिसेप्सची ताकद सारखी होती, त्यांना धोका कमी राहिला. माझ्या त्या कोपऱ्यातल्या मुलाला मी सहाव्या महिन्यात सोडलं होतं.

पट्टे सुटतात. मुलगी घामानं भिजली आहे. पाणी, दहा मिनिटं विश्रांती, मग अनवाणी जमिनीवर. इथून पुढचं माप मशीनशिवाय होतं आणि मला विचाराल तर तेच बघण्यासारखं असतं.

फरशीवर तीन पट्ट्या चिकटवलेल्या आहेत, इंग्रजी वाय अक्षरासारख्या. एक सरळ पुढे जाते, दोन मागे तिरक्या. मधोमध एक पाय रोवायचा, हात कमरेवर, आणि दुसऱ्या पायाच्या बोटांनी एकेका पट्टीवर जमेल तितकं लांब जाऊन अलगद टेकवून परत यायचं. टेकवलेल्या पायावर भार गेला, रोवलेली टाच उचलली, हात सुटला, तर ती खेप बाद. आधी प्रत्येक दिशेला सहा खेपा सरावाच्या, मग तीन मोजायच्या. उंच मुलीचा पल्ला साहजिकच जास्त जाणार, म्हणून पायाची लांबी, कमरेच्या पुढच्या हाडापासून घोट्याच्या आतल्या हाडापर्यंत, आधी टेपनं घेतलेली असते. तीन दिशांच्या पल्ल्यांची बेरीज करायची, तिला पायाच्या लांबीच्या तिपटीनं भागायचं आणि शंभरानं गुणायचं.

मी पल्ल्याकडे बघत नाही, रोवलेल्या पायाकडे बघते. पायाची बोटं जमीन धरू पाहतात. घोट्याच्या पुढच्या कंडरा तारांसारख्या वर येतात, एकदा आतली, एकदा बाहेरची. तोल म्हणजे न हलणं असं आपण समजतो. प्रत्यक्षात कुणीच स्थिर उभं नसतं. डोळे, आतला कान आणि सांध्या-स्नायूंतून येणारी जाणीव, या तिघांच्या निरोपांवर शरीर क्षणोक्षणी इकडे झुकतं, तिकडे सावरतं. हे सावरणं वेळेवर झालं की बघणाऱ्याला ते दिसत नाही, आणि त्यालाच आपण तोल म्हणतो. एसीएल या कामातही होतं. नुसता दोरखंड नव्हे, गुडघा किती वाकला आहे याची खबर देणारी चेतातंतूंची टोकंही त्यात असतात. नवा बंध दोरखंडाचं काम करतो. खबर देणं मात्र उरलेल्या सगळ्यांना नव्यानं शिकावं लागतं.

डाव्या पायावर उभी राहून ती पुढे ६१ सेंटिमीटर जाते. उजव्यावर उभी राहून ५५. हिच्या पायाची लांबी ८४. तिन्ही दिशा धरून डाव्याचे जवळपास ९९ टक्के भरतात, उजव्याचे ९३. मला टोचतो तो पुढच्या दिशेतला सहा सेंटिमीटरचा फरक. अमेरिकेतल्या शाळकरी बास्केटबॉल खेळाडूंच्या २००६ मधल्या एका अभ्यासात, दोन पायांच्या पुढच्या पल्ल्यात ४ सेंटिमीटरहून जास्त फरक असलेल्यांना पायाची दुखापत होण्याची शक्यता अडीच पट दिसली होती. नंतरच्या सगळ्याच अभ्यासांत हे तसंच आढळलं असं नाही, आणि एका आकड्यावर मी कुणाचं भवितव्य टांगत नाही. पण चारच्या पुढचा फरक दिसला की मी थांबते आणि पुन्हा मोजते. पुन्हा मोजलं. फरक सहाचाच.

इतकी वर्षं दोन्ही मापं शेजारी शेजारी घेतल्यावर एक गोष्ट माझ्या मनात पक्की बसली आहे. ताकद आणि तोल या दोन वेगळ्या मिळकती आहेत. एकीचा सातबारा बघून दुसरीचा मालक ठरत नाही. मशीनवर सर्वात उंच डोंगर उठवणारा पैलवान या तीन पट्ट्यांवर दुसऱ्या खेपेला हात सोडतो, हे मी पाहिलं आहे. त्याच्या मांड्यांत बळ उदंड आहे, पण एका पायावर, हळूहळू, मोजून ते वापरायची त्याच्यावर कधी वेळच आली नाही. आणि याच्या बरोबर उलटंही पाहिलं आहे, पण ते बघायला खेळाडूंच्या पलीकडे जावं लागलं.

आमच्या कॉलेजातले पदव्युत्तर विद्यार्थी प्रबंधासाठी दोन गट मोजतात, खेळाडू आणि बिगरखेळाडू. दुसरा गट अत्यावश्यक असतो. विशीतला एक साधा, न खेळणारा गुडघा किती जोर देतो हे ठाऊक नसेल, तर खेळानं काय कमावलं आणि काय गमावलं हे सांगणार कसं? मग इंजिनिअरिंगच्या वसतिगृहातून मुलं गोळा होतात. जीन्स घालून येतात, बदलायला हाफपँट द्यावी लागते. त्यांच्या बाबतीत मी एक काळजी घेते. पहिल्या दिवशीचं माप वहीत धरत नाही. कारण पूर्ण जोर लावणं हीसुद्धा शिकायची गोष्ट आहे. खेळाडू रोज शंभर टक्के जोर लावतो. न खेळणाऱ्याला आपला शंभर टक्के कुठे आहे हेच माहीत नसतं. दोन दिवसांनी तीच मुलं येतात आणि तेच स्नायू जास्त आकडा देतात. दोन दिवसांत स्नायू वाढत नाही. भीड चेपते.

'बिगरखेळाडू' हा शब्दच मला अलीकडे अपुरा वाटू लागला आहे. फॉर्मवर प्रश्न असतो : नियमित खेळ किंवा व्यायाम करता का? त्यापुढे 'नाही' लिहिणाऱ्या एका विद्यार्थिनीचा तोल खेळाडूंच्या तोडीचा निघाला, तेव्हा मी तिला बसवून विचारलं. ती घाटमाथ्यावरच्या गावातली. बारावीपर्यंत डोंगराची वाट उतरून शाळेत जायची आणि परत चढायची. याला व्यायाम म्हणतात हे तिला माहीत नव्हतं आणि आमच्या फॉर्मलाही.

म्हणून त्या दिवशी कबड्डी खेळणाऱ्या मुलीचं माप आटोपल्यावर मी बाकावरच्या आईकडे वळले. 'ताई, तुम्हीही या.'

'माझं काय मोजायचंय मॅडम? मी कुठं खेळते?'

'वय?'

'पंचेचाळीस असंल.'

'काम काय करता?'

'काही नाही. घरीच असते.'

मुलगी खुर्चीतून म्हणाली, 'घरी कुठं असतेस आई? सकाळपासून तर शेतावर असतेस.' मग हळूहळू बाहेर आलं. पावसाळ्यात भाताची लावणी, गुडघाभर चिखलात, वाकून. रोपांच्या मुठी डोक्यावर घेऊन निसरड्या बांधावरून जाणं. कापणीला भारे. उन्हाळ्यात पाण्याच्या खेपा. मी फॉर्मवरच्या 'बिगरखेळाडू' या चौकोनासमोर पेन धरून थांबले आणि तो चौकोन मोकळाच ठेवला.

पडद्यामागे जाऊन तिनं मुलीची जादा ट्रॅकपँट घातली आणि संकोचत बाहेर आली. चपला काढून, तीन पट्ट्यांच्या मधोमध उभी राहिली. मी कसं करायचं ते एकदा दाखवलं. तिनं नजर समोरच्या भिंतीवर ठेवली, खाली पाहिलंच नाही, आणि पाय पुढे नेला. रोवलेला पाय रुंद होता, बोटं पसरलेली, आणि ती जमिनीला अशी टेकली होती जशी ती जमीन त्यांच्या ओळखीची असावी. कंडरा नाचल्या नाहीत. दोन्ही पायांचा पल्ला सारखा, एका सेंटिमीटरचाही फरक नाही. डोळे मिटून एका पायावर उभं राहायला सांगितलं. २२ सेकंद. उजव्या पायावर उभ्या मुलीनं ११ सेकंदांतच दुसरा पाय टेकवला होता. मुलगी टाळ्या वाजवत होती आणि आई पदराचं टोक शोधत होती, जे ट्रॅकपँटवर नव्हतंच.

मग तिला मशीनवर घेतलं. तेच पट्टे, तेच शब्द, तोच आवाज. सरावाच्या खेपांत ती हसत होती, नंतर तिनं ओठ घट्ट मिटले. डोंगर उठले, पण बुटके. दोन्ही पायांचे क्वाड्रिसेप्स सत्तरच्या आसपास. वजनाच्या मानानं पाहिलं तर अपेक्षेपेक्षा बरेच कमी. मी विचारलं, 'जिना उतरताना गुडघे दुखतात?' ती म्हणाली, 'दुखणारच की. या वयात सगळ्यांचेच दुखतात.'

तोल उत्तम आणि ताकद कमी. इतकी वर्षं तिचा तोल तिच्या कमी पडणाऱ्या स्नायूंना सांभाळून घेत होता. बांधावर ती घसरत नव्हती, म्हणून तिला आणि घरच्यांनाही सगळं ठीक वाटत होतं. पण वय वाढेल तसा स्नायू आपोआप घटतो. कष्टानं तो वापरला जातो, पण कष्टानं तो वाढतोच असं नाही. वाढायला दर थोड्या दिवसांनी जरा जास्तीचा भार, नंतर विश्रांती आणि ताटात पुरेसं प्रथिन लागतं. शेतातल्या कामात भार आहे, विश्रांती नाही. ताटात तिच्या वाट्याला काय येतं, हे मी विचारलं नाही. तिनं आपणहून सांगितलं, ती सगळ्यांच्या शेवटी जेवते.

शरीर आतून घटत जातं आणि मोजल्याशिवाय कळत नाही, हे तिच्या एकटीचं नाही. ब्राझीलमध्ये ५१ ते ७५ वयाच्या १७०२ स्त्री-पुरुषांना आधाराशिवाय १० सेकंद एका पायावर उभं राहायला सांगितलं गेलं. दर पाचांतल्या एकाला ते जमलं नाही. वय, वजन आणि आजार हिशेबात धरूनही, न जमलेल्यांमध्ये पुढच्या काही वर्षांतल्या मृत्यूचा धोका ८४ टक्के जास्त दिसला. हा अभ्यास २०२२ साली प्रसिद्ध झाला. तोल गेला म्हणून माणूस मरतो, असा याचा अर्थ नाही. शरीर आतून किती थकलं आहे याची ती एक खूण आहे आणि ती पाहायला लाखोंचं मशीन लागत नाही. भिंतीजवळ उभं राहायचं आणि घड्याळ बघायचं. ताकदीसाठीही घरची खुर्ची पुरते. हात छातीवर बांधून ३० सेकंदांत कितीदा उठबस होते ते मोजायचं, तारीख घालून लिहून ठेवायचं आणि तीन महिन्यांनी पुन्हा मोजायचं.

आपल्याकडे मोजमाप होतं ते बिघडल्यावर. साखर मोजतात, दाब मोजतात, तेही चक्कर आल्यावर. गुडघ्याला तर तेवढाही मान नाही. तो दुखला की तेल, नाही थांबला की पट्टा, शेवटी क्ष-किरण. त्याच्यामागचा स्नायू किती उरला आहे, हे कुणी विचारत नाही. खेळाडूचा गुडघा निदान संघाला हवा असतो. बांधावर उभ्या असलेल्या बाईचा गुडघा कुणाच्याच हिशेबात नाही, आणि घर मात्र त्याच गुडघ्यावर उभं असतं.

मुलीला मी सांगितलं, 'निवड चाचणीला जायचं नाही.' तिचे डोळे भरले. मी पडदा तिच्याकडे फिरवला आणि तो खड्डा दाखवला, ७८ दाखवला, सहा सेंटिमीटर दाखवले. रागावून काही सांगायची गरज पडली नाही. ती बराच वेळ त्या डोंगराकडे बघत राहिली. मग विचारलं, 'हा खड्डा भरायला किती दिवस लागतील?' नऊ महिन्यांत ती पहिल्यांदाच 'खेळू का' सोडून दुसरं काही विचारत होती. मी व्यायाम लिहून दिले. हॅमस्ट्रिंगचे, एका पायाच्या बैठकांचे, उडी मारून थांबण्याचे. सहा आठवड्यांनी पुन्हा मोजायचं.

आईला तीनच सांगितले. खुर्चीवरून हळूहळू उठणं, पायरीवर चढ-उतार, भिंतीला पाठ लावून अर्धं बसणं. आठवड्यातून तीनदा, आणि डाळ-अंडं सगळ्यांबरोबर, सगळ्यांच्या नंतर नव्हे. ती ऐकत होती, पण तिचं लक्ष प्रिंटरकडे होतं. मुलीचा कागद बाहेर आला तसा तिनं हात पुढे केला नाही. थोडं थांबून म्हणाली, 'माझा पण निघंल ना मॅडम, कागद?'

निघाला. शेऱ्याच्या रकान्यात मी ५/५ लिहिलं नाही. डावा ७१, उजवा ६९, डोळे मिटून २२ सेकंद, असं लिहिलं, खाली तारीख घातली आणि सही केली. तिनं तो कागद दोनदा घडी घालून मुलीच्या कागदाच्या आत ठेवला, दोन्ही पिशवीत घातले आणि स्वारगेटला जायला किती वेळ लागेल ते विचारलं.